दिल्ली–ताश्कंद : हवाई अंतर आणि उड्डाणकाळ

१. विषयप्रवेश

दोन नगरांमधील अंतर ठाऊक आहे, विमानाचा वेगही ठाऊक आहे. तेव्हा प्रवासास लागणारा वेळ काढावयाचा म्हणजे केवळ एक भागाकार करावयाचा, अशी समजूत पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांमध्येही पुष्कळदा आढळते. ती सर्वस्वी चुकीची आहे असे नाही. परंतु या भागाकारातील भाज्य आणि भाजक या दोहोंविषयी आपण जे गृहीत धरतो ते तपासून पाहिले, तर भूगोलाच्या अभ्यासकास महत्त्वाचे वाटावे असे बरेच काही हाती लागते. भूमिती देते ते अंतर एक, विमान प्रत्यक्ष तोडते ते अंतर दुसरे, आणि प्रवाशास घड्याळात दिसते ते तिसरे. या तिहींमधील तफावत कोठून उत्पन्न होते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

उदाहरण म्हणून दिल्ली आणि ताश्कंद ही दोन राजधानीची नगरे घेतली आहेत. ही निवड निव्वळ सोयीची नाही. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना १९६३ साली नाशिक मतदारसंघातून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. जानेवारी १९६६ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्यासमवेत ताश्कंदला गेलेल्या शिष्टमंडळात ते होते. नाशिकच्या मुक्त विद्यापीठास आज त्यांचेच नाव आहे. त्या वेळी ताश्कंद ही सोव्हिएत संघराज्यातील उझबेक प्रजासत्ताकाची राजधानी होती. १९९१ पासून ती स्वतंत्र उझबेकिस्तानची राजधानी आहे. त्या नगरात १० जानेवारी १९६६ रोजी झालेल्या करारनाम्याचा प्रस्तुत विषयाशी प्रत्यक्ष संबंध आहे. तो कसा, हे सहाव्या भागात स्पष्ट होईल.

२. बृहद्वृत्तीय अंतर

गोलाच्या पृष्ठभागावरील दोन बिंदूंना जोडणारा लघुतम मार्ग त्या बिंदूंतून जाणाऱ्या बृहद्वृत्ताच्या कंसावरून जातो. बृहद्वृत्त म्हणजे ज्याची पातळी गोलाच्या केंद्रातून जाते असे वर्तुळ. विषुववृत्त आणि सर्व रेखावृत्ते ही बृहद्वृत्ते होत. विषुववृत्ताखेरीज इतर अक्षवृत्ते मात्र नव्हेत. दोन ठिकाणांचे अक्षांश अनुक्रमे अ आणि आ, त्यांच्या रेखांशांतील फरक र आणि त्यांच्यामधील केंद्रीय कोन क मानल्यास गोलीय त्रिकोणमितीचे सूत्र असे आहे :

कोज्या क = ज्या अ × ज्या आ + कोज्या अ × कोज्या आ × कोज्या र

दिल्लीचा विमानतळ सुमारे उत्तर २८° ३४′ व पूर्व ७७° ०६′ येथे आहे. ताश्कंदचा उत्तर ४१° १५′ व पूर्व ६९° १७′ येथे. रेखांशांतील फरक ७° ४९′ येतो. उजव्या बाजूचे पहिले पद ०.३१५२८७ आणि दुसरे ०.६५४१७६ असून त्यांची बेरीज ०.९६९४६३ होते. ही ज्याची कोज्या तो कोन १४° १२′ होय. बृहद्वृत्ताच्या एका कलेस एक सागरी मैल, या हिशेबाने हे ८५२ सागरी मैल, म्हणजे सुमारे १,५७८ किलोमीटर भरतात.

येथे दोन सूचना अवश्य आहेत. पहिली अशी की, कोन लहान असता त्याची कोज्या एकाच्या इतकी जवळ असते की चार दशांश स्थळांच्या कोष्टकाने उत्तरात कलेचा फरक सहज पडतो. अशा वेळी सहा स्थळे घ्यावीत, किंवा अर्ध्या कोनाच्या ज्येच्या वर्गावर आधारलेले सूत्र वापरावे. दुसरी सूचना पृथ्वीच्या आकाराविषयी. पृथ्वी पूर्ण गोल नसून ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. त्यानुसार शुद्धी केली असता वरील उत्तरात सुमारे दोन किलोमीटरांची घट होते. उड्डाणकाळाच्या दृष्टीने ही घट दहा सेकंदांचीही नाही, म्हणून ती येथे सोडून दिली आहे.

मर्केटरच्या नकाशावरील सरळ रेषा हा लघुतम मार्ग नव्हे, हे आपण वर्गात आवर्जून सांगतो. ते खरेच आहे. पण त्याचे प्रमाण प्रत्येक वेळी मोजून पाहावे. एकच होकायंत्रदिशा धरून दिल्लीहून टोकियोला जाऊ लागल्यास सुमारे ५,९४५ किलोमीटर पडतात, बृहद्वृत्ताने ५,८६० किलोमीटर. म्हणजे ८५ किलोमीटरांची बचत होते. उलट दिल्ली–ताश्कंद ही रेषा मुख्यतः दक्षिणोत्तर असल्यामुळे हा फरक अर्ध्या किलोमीटरहूनही कमी आहे. याचा अर्थ असा की, आपल्या उदाहरणात नकाशाच्या प्रक्षेपणाला बोल लावण्यास जागा नाही. पुढे जी तफावत दिसेल तिची कारणे अन्यत्रच शोधली पाहिजेत.

३. रेषेखालील भूमी

दिल्लीहून उत्तरेच्या पश्चिमेस सुमारे २४½ अंशांचा कोन करून ही रेषा निघते. पंजाबचे मैदान ओलांडून ती पठाणकोटच्या परिसरातून डोंगराळ प्रदेशात शिरते. पीर पंजाल पार करून काश्मीर खोऱ्याच्या पश्चिमेकडून जाते व कोहिस्तानात सिंधू नदी ओलांडते. पुढे हिंदुकुश, अफगाणिस्तानचा अरुंद वाखान पट्टा, ताजिकिस्तानातील पामीरचा पश्चिम भाग आणि फरगाना खोऱ्याचे पश्चिम टोक असा क्रम लागतो. वाटेत पूर्वेस नंगा पर्वत (८,१२६ मीटर) आणि पश्चिमेस तिरिच मीर (७,७०८ मीटर) राहतो. दीड हजार किलोमीटरांच्या रेषेखाली इतकी विषम भूमी असणे ही गोष्ट आशियातही विरळाच.

या भूमीने मापनाच्या इतिहासातही अडथळा उभा केला होता. भारतातील त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची साखळी आणि मध्य आशियातील रशियन सर्वेक्षणाची साखळी या दोन्ही एकोणिसाव्या शतकात बऱ्याच पुढे गेल्या होत्या. परंतु त्यांच्यामध्ये पामीरचा प्रदेश होता. १९११ ते १९१३ या काळात भारतीय सर्वेक्षण हुंझामार्गे पामीरपर्यंत नेऊन या दोन साखळ्या एकमेकींस जोडण्यात आल्या. दिल्लीपासून ताश्कंदपर्यंत अखंड त्रिकोणांच्या आधारे जमिनीवरून अंतर काढणे त्यानंतरच शक्य झाले.

आता कोणी म्हणेल की, विमान अकरा किलोमीटर उंचीवरून जाते. आठ किलोमीटरांच्या शिखरांचे त्यास भय कसले? सर्व काही सुरळीत चालले असता भय नाही, हे खरे. परंतु हवाई मार्गाची आखणी सुरळीत प्रसंगाकरिता नसते, अपघाती प्रसंगाकरिता असते. दोन एंजिनांपैकी एक बंद पडल्यास भारलेले विमान अकरा किलोमीटरांवर टिकू शकत नाही. ते हळूहळू उतरत सहा-सात किलोमीटरांच्या आसपास स्थिरावते. विमानाच्या आतील हवेचा दाब नाहीसा झाल्यास त्याला सुमारे तीन किलोमीटर उंचीपर्यंत खाली यावे लागते, कारण बहुतेक लहान विमानांत प्रवाशांच्या प्राणवायूचा साठा बारा ते पंधरा मिनिटांपुरता असतो. मैदानावर किंवा समुद्रावर हे उतरणे केवळ गैरसोयीचे ठरते. हिंदुकुश आणि पामीर यांच्यावर ते अशक्य आहे. म्हणून अशा प्रदेशात प्रत्येक टप्प्यावरून कोणत्या दिशेस वळल्यास ठरावीक मिनिटांत सखल भूमी गाठता येईल, हे आधी ठरवूनच मार्ग मुक्रर करतात. परिणामी मार्ग पर्वतांच्या गाभ्यापासून पश्चिमेकडे सरकतो.

हे सरकणे किती, याची कल्पना येण्यासाठी दिल्ली–लाहोर–काबूल–तिरमिझ–ताश्कंद अशी तुटक रेषा घेऊ. तिचे चार खंड अनुक्रमे सुमारे ४१९, ५९१, ३४७ आणि ४७३ किलोमीटर असून बेरीज १,८३० किलोमीटर होते. बृहद्वृत्तीय अंतराशी तिचे गुणोत्तर १.१६ आहे. या गुणोत्तरास आपण ‘वळसा-गुणांक’ म्हणू. तो १ पेक्षा कमी कधीच असू शकत नाही. तो १ पेक्षा किती अधिक आहे यावरून त्या दोन नगरांमधील प्रदेशाविषयी पुष्कळ अनुमान करता येते.

४. वेग आणि वेळ

प्रवासी जेट विमानाचा वेग ध्वनीच्या वेगाच्या प्रमाणात सांगण्याची रीत आहे. अकरा किलोमीटर उंचीवर प्रमाण वातावरणाचे तापमान उणे ५६.५ अंश सेल्सियस असते व तेथे ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे २९५ मीटर होतो. मध्यम आकाराचे विमान त्याच्या ०.७८ पट वेगाने जाते असे धरल्यास तासाला सुमारे ८२८ किलोमीटर हा वेग येतो. हा वेग हवेच्या सापेक्ष आहे, जमिनीच्या नव्हे; हा भेद पुढील भागात उपयोगी पडेल.

परंतु विमान संपूर्ण प्रवास या वेगाने करीत नाही. धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे, उतरणे, विमानतळाभोवती रांगेत थांबणे यांत वेळ जातो, आणि हा वेळ अंतर कितीही असले तरी जवळपास तेवढाच राहतो. म्हणून उड्डाणकाळाचे साधे समीकरण एका भागाकाराचे नसून दोन पदांचे आहे : वेळ बरोबर अंतर भागिले वेग, अधिक एक स्थिर काळ. हा स्थिर काळ आपण ३० मिनिटे धरू. दिल्लीसारख्या गजबजलेल्या विमानतळावर तो याहून अधिक होतो. अंतर जितके कमी तितके या पदाचे महत्त्व जास्त. म्हणूनच लहान पल्ल्याच्या उड्डाणांचा ‘सरासरी वेग’ काढला असता तो आश्चर्य वाटावे इतका कमी येतो.

या समीकरणाने बृहद्वृत्तावरून दिल्ली–ताश्कंद प्रवासास २ तास २४ मिनिटे लागावीत. काबूलमार्गे २ तास ४३ मिनिटे. म्हणजे पर्वतांनी घेतलेली पट्टी सुमारे १९ मिनिटांची आहे.

वेळापत्रक पाहणाऱ्या विद्यार्थ्याने आणखी एक सावधगिरी बाळगावी. ताश्कंदची प्रमाणवेळ भारतीय प्रमाणवेळेच्या अर्धा तास मागे आहे. दिल्लीहून सकाळी १० वाजता निघालेले विमान पावणेतीन तासांनी पोहोचले, तर ताश्कंदच्या घड्याळात १२ वाजून १५ मिनिटे झालेली असतात. परतीस दुपारी १ वाजता निघून तेवढ्याच वेळात ते दिल्लीस पोहोचले, तर तेथे ४ वाजून १५ मिनिटे होतात. सुटण्याच्या आणि पोहोचण्याच्या स्थानिक वेळांची नुसती वजाबाकी केल्यास जाण्यास सव्वादोन तास आणि येण्यास सव्वातीन तास लागले असा भास होतो. हा तासाचा फरक वाऱ्याचा आहे असे समजून त्याची मीमांसा करीत बसणे, ही चूक क्वचित का होईना, लेखी कामात दृष्टीस पडते.

५. वारा

वाऱ्याचा फरक मात्र खरोखर असतो. हिवाळ्यात हिमालयाच्या दक्षिणेस, साधारणतः २५ ते ३० अंश उत्तर अक्षांशांच्या दरम्यान, सुमारे बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा उपोष्ण जेट प्रवाह असतो. त्याच्या गाभ्यात ताशी दोनशे किलोमीटरांहून अधिक वेग आढळतो. उन्हाळ्यात हा प्रवाह तिबेटच्या पठाराच्या उत्तरेस सुमारे ४० अंश अक्षांशाकडे सरकतो. दिल्ली २८½ अंशांवर आणि ताश्कंद ४१ अंशांवर असल्यामुळे आपल्या मार्गाच्या बाबतीत एक मौज घडते : हिवाळ्यात हा प्रवाह दिल्लीकडच्या टोकाशी भेटतो, तर उन्हाळ्यात ताश्कंदकडच्या. दक्षिण भारतावर मात्र पावसाळ्यात या उंचीवर नेमका उलट, पूर्वेकडून येणारा जेट प्रवाह असतो. त्याचे विवेचन भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम् यांनी १९५८ साली केले.

वाऱ्याचा परिणाम त्याच्या वेगावर जितका, तितकाच मार्गाशी होणाऱ्या कोनावर अवलंबून असतो. समजा संपूर्ण मार्गावर सरासरी ताशी १०० किलोमीटरांचा पश्चिमी वारा आहे. आपली रेषा उत्तरेच्या पश्चिमेस २४½ अंश कललेली असल्याने या वाऱ्याचा जाताना विरोध करणारा घटक ताशी सुमारे ४२ किलोमीटर, आणि आडवा घटक सुमारे ९१ किलोमीटर येतो. आडव्या घटकास तोंड देण्यासाठी विमानास नाक थोडे वाऱ्याकडे वळवून ठेवावे लागते. त्यात ८२८ पैकी सुमारे ५ किलोमीटरांचा वेग खर्च होतो. उरलेल्या ८२३ मधून ४२ वजा केल्यास जमीनसापेक्ष वेग जाताना ७८१, आणि मिळवल्यास येताना ८६५ होतो. स्थिर काळ सोडून बृहद्वृत्तीय अंतरास जाताना सुमारे २ तास १ मिनिट आणि येताना १ तास ४९ मिनिटे लागतात. फरक बारा मिनिटांचा.

वारा नसता तर जाण्यायेण्यास मिळून ३ तास ४९ मिनिटे लागली असती. वाऱ्यासह ३ तास ५१ मिनिटे लागली. म्हणजे जाताना वाऱ्याने नेलेला वेळ येताना तो संपूर्ण परत करीत नाही. याचे कारण उघड आहे : प्रतिकूल वाऱ्यात विमान अधिक काळ राहते आणि अनुकूल वाऱ्यात कमी काळ. ‘जाताना तोटा, येताना नफा, शेवटी शून्य’ हा व्यवहारी हिशेब येथे लागू पडत नाही.

हाच वारा टोकियोच्या मार्गावर काय करतो ते पाहावे. तो मार्ग बव्हंशी पूर्व-पश्चिम आहे. मोठ्या विमानाचा वेग ताशी ८९० किलोमीटर आणि मार्गाच्या दिशेने वाऱ्याचा सरासरी घटक १०० किलोमीटर धरल्यास जाण्यास सुमारे ५ तास ५५ मिनिटे आणि येण्यास ७ तास २५ मिनिटे लागतात. दीड तासाचा फरक पडतो. अंतर मोठे आणि कोन प्रतिकूल, म्हणून परिणाम मोठा. दिल्ली–ताश्कंद मार्गावर वाऱ्याचा वाटा एकंदरीत गौण आहे, असेच म्हणावे लागते.

६. आकाशावरील सत्ता

आतापर्यंत विचारात घेतलेली कारणे, म्हणजे पृथ्वीचा आकार, पर्वत, वारा आणि स्थिर काळ, ही सर्व निसर्गाची किंवा यंत्राची आहेत. त्यांची एकत्रित किंमत तासाभराहून अधिक होत नाही. परंतु या मार्गाचा इतिहास पाहता सर्वांत मोठे कारण वेगळेच आहे.

७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक करारनाम्याच्या पहिल्याच कलमाने प्रत्येक राष्ट्राची आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण आणि अनन्य सत्ता मान्य केली. त्याचबरोबर झालेल्या दुसऱ्या एका कराराने, त्यात सामील झालेल्या राष्ट्रांनी परस्परांच्या नियमित विमानसेवांना न उतरता वरून जाण्याची मुभा दिली. म्हणजे आकाश हे समुद्रासारखे खुले नाही. त्यातील वाट ही परवानगीची वाट आहे, आणि परवानगी मागे घेता येते.

१९६५ च्या युद्धात भारत व पाकिस्तान यांच्या विमानांची एकमेकांच्या प्रदेशावरून होणारी वाहतूक थांबली. ताश्कंदच्या करारनाम्यात उभय देशांनी दळणवळण पूर्ववत करण्याच्या उपायांचा विचार करण्याचे मान्य केले, आणि त्यास अनुसरून फेब्रुवारी १९६६ मध्ये ही वाहतूक पुन्हा सुरू झाली. करारावर सही केल्यानंतर काही तासांतच, ११ जानेवारीच्या पहाटेपूर्वी, लालबहादूर शास्त्री यांचे ताश्कंद येथे निधन झाले. त्या करारनाम्याचे मूल्यमापन राजकीय इतिहासकारांनी अनेक प्रकारे केले आहे. भूगोलाच्या अभ्यासकाने एवढे लक्षात घ्यावे की, ज्या नगराचे अंतर आपण मोजत आहोत, त्याच नगरात त्या अंतराची एक अट ठरली होती.

ही वाट पुढे पुन्हा पुन्हा बंद झाली. ३० जानेवारी १९७१ रोजी ‘गंगा’ हे भारतीय विमान लाहोरला पळवून नेऊन नंतर जाळण्यात आले. तेव्हा भारताने ४ फेब्रुवारीपासून पाकिस्तानी विमानांना आपल्या प्रदेशावरून जाण्यास मनाई केली. कराची ते ढाका हे सुमारे २,३७० किलोमीटरांचे बृहद्वृत्तीय अंतर त्यामुळे कोलंबोमार्गे जाणाऱ्या विमानांस ४,५०० किलोमीटरांहून अधिक पडू लागले. एकाच राष्ट्राचे दोन भाग एका आदेशाने दुपटीच्या जवळ दूर गेले. हा वाद हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत पोहोचला व त्यातील अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर ऑगस्ट १९७२ मध्ये निर्णय झाला. वाहतूक मात्र १९७६ मध्येच पूर्ववत झाली. पुढे जानेवारी २००२ ते जानेवारी २००४ अशी दोन वर्षे, आणि २७ फेब्रुवारी ते १६ जुलै २०१९ या काळात पुन्हा असेच घडले. २०१९ च्या बंदीत केवळ एअर इंडियास २ जुलैपर्यंत ४९१ कोटी रुपयांचा तोटा झाल्याचे सरकारने राज्यसभेत सांगितले. ऑगस्ट २०२१ मधील सत्तांतरानंतर काबूलच्या आकाशातील विमानांचे नियंत्रण बंद पडले आणि अनेक कंपन्यांनी तो प्रदेश टाळण्यास आरंभ केला.

पहलगाम येथील हत्याकांडानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले. ३० एप्रिल रोजी भारतानेही पाकिस्तानी विमानांवर तशीच बंदी घातली. तेव्हा दिल्लीहून ताश्कंद आणि अल्माटी येथे सेवा चालविणाऱ्या इंडिगो या भारतीय कंपनीने ही दोन्ही नगरे आपल्याजवळच्या विमानांच्या व्यावहारिक पल्ल्याबाहेर गेल्याचे सांगून या सेवा स्थगित केल्या. असे का व्हावे, हे मोजून पाहता येते. पाकिस्तान टाळून द्वारका–चाबहार–मशहद–ताश्कंद अशी तुटक रेषा घेतल्यास अंतर सुमारे ४,२०० किलोमीटर होते. समुद्रावरील पाकिस्तानच्या नियंत्रणाखालील हवाई क्षेत्र टाळावयाचे तर याहूनही अधिक. वळसा-गुणांक २.७ च्या घरात जातो. विमानाचा कागदावरील पल्ला याहून मोठा दिसला तरी पूर्ण प्रवासी, प्रतिकूल वारा, पर्यायी विमानतळ गाठण्यापुरते इंधन आणि राखीव साठा या सर्वांची वजावट केल्यावर उरणारा पल्ला व्यवहारातला असतो. शिवाय पावणेतीन तासांसाठी आखलेली सेवा साडेपाच तासांची झाल्यावर तिचे आर्थिक गणितही टिकत नाही.

निरनिराळ्या मार्गांचा हिशेब, वारा नाही असे धरून, पुढे एकत्र दिला आहे.

बृहद्वृत्त : १,५७८ किलोमीटर, वळसा-गुणांक १.००; २ तास २४ मिनिटे.
लाहोर–काबूल–तिरमिझमार्गे : १,८३० किलोमीटर, वळसा-गुणांक १.१६, २ तास ४३ मिनिटे.
द्वारका–चाबहार–मशहदमार्गे : सुमारे ४,२०० किलोमीटर, वळसा-गुणांक २.७, साडेपाच तासांहून अधिक.

यात ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, २०२५ मधील बंदी भारतीय मालकीच्या आणि भारतीय कंपन्यांनी चालविलेल्या विमानांपुरती होती. उझबेक विमानांस ती लागू नव्हती. एकाच दिवशी, एकाच विमानतळावरून, एकाच नगरास निघू इच्छिणाऱ्या दोन सारख्याच विमानांपैकी एकास ते नगर पावणेतीन तासांवर होते व दुसऱ्यास जवळजवळ अगम्य होते. त्यांच्यातील भेद एंजिनांचा नव्हता, वाऱ्याचा नव्हता. अंगावर रंगविलेल्या नोंदणीच्या अक्षरांचा होता.

७. उपसंहार

एअर इंडियाने १९६० साली पहिली बोइंग ७०७ विमाने आणली. त्यांचा वेग ताशी सुमारे ९०० किलोमीटर होता. सहा दशकांनंतरची प्रवासी विमाने त्यांहून अधिक वेगाने जात नाहीत. काही तर किंचित मंद जातात, कारण त्यात इंधन वाचते. दोन नगरांमधील उड्डाणकाळात या अवधीत जे मोठे फरक पडले ते वेगामुळे नव्हे, मार्गामुळे पडले. म्हणून उड्डाणकाळाचा अभ्यास हा यंत्रविद्येइतकाच भूगोलाचा, आणि भूगोलाइतकाच राज्यशास्त्राचा विषय आहे.

यावरून लेखनशिस्तीचा एक नियम सुचवावासा वाटतो. प्रबंधात ‘हवाई अंतर’ एवढाच शब्द वापरू नये. बृहद्वृत्तीय अंतर, मार्गीय अंतर आणि उड्डाणकाळ यांपैकी काय अभिप्रेत आहे ते स्पष्ट लिहावे. मार्गीय अंतर व उड्डाणकाळ दिल्यास त्यासोबत वर्ष, ऋतू आणि जाण्याची दिशा द्यावी. बृहद्वृत्तीय अंतरास तारीख लागत नाही, इतर दोहोंस लागते. व्यापार, स्थलांतर किंवा पर्यटन यांच्या अभ्यासात दोन नगरांची ‘जवळीक’ बृहद्वृत्तीय अंतराने मोजणाऱ्या विद्यार्थ्याने तर हा भेद विसरून चालणार नाही. कारण २०२५ च्या मे महिन्यातील दिल्ली आणि ताश्कंद यांच्यासाठी त्याचे उत्तर बिनचूक असूनही निरुपयोगी ठरले असते.

विद्यार्थ्यांनी हा अभ्यास आपल्या गावापासूनच सुरू करावा. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असतानाच ओझर येथे मिग विमानांचा कारखाना उभा राहिला. त्याच्या धावपट्टीवरून आता प्रवासी विमानेही जातात. ओझर सुमारे उत्तर २०° ०७′ व पूर्व ७३° ५५′ येथे आहे. तेथून दिल्लीपर्यंतचे बृहद्वृत्तीय अंतर वरील सूत्राने ९९३ किलोमीटरांच्या आसपास येते, आणि समीकरणाप्रमाणे उड्डाणकाळ सुमारे १ तास ४२ मिनिटे. प्रत्यक्ष उड्डाणांच्या वेळा महिनाभर टिपून त्यांची या आकड्याशी तुलना करावी. जी मिनिटे जास्त भरतील त्यांचा एकेक करून हिशेब लावावा : किती दिल्लीच्या आकाशातील गर्दीची, किती वाऱ्याची, किती मार्गातील वळणांची. बृहद्वृत्ताचे गणित कोणीही अर्ध्या तासात करील. खरा अभ्यास त्या उरलेल्या मिनिटांचा आहे.